सोपानच्या भिंतीवरचं माझं बॉनेट

सोपान मिस्त्रीनं मला फसवलं. त्याला जाऊन पाच आठवडे झाले, पण म्हणून हे वाक्य मी गोड करून लिहिणार नाही. माझ्या जीपचं बॉनेट, ज्यावर मोटारींच्या शर्यतीत धावणाऱ्या पाच ड्रायव्हरांनी आपल्या हातानं सह्या केल्या होत्या, ते त्यानं स्वतःच्या घरात नेऊन टांगलं आणि मला तसंच दिसणारं कोरं बॉनेट बसवून दिलं. माझं पोट जुन्या गाड्या पारखण्यावर चालतं, आणि मला चार वर्षं हे कळलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिही, असं घरात सांगतात. चांगलंही लिहिणार आहे. चांगलं पुष्कळ होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच जास्त त्रास झाला.

बातमी आली तेव्हा मी बारामतीत माझ्या दुकानासमोर एका जुन्या ट्रॉलीचा सौदा करत होतो. शेजारच्या एस.टी.डी. बूथवाल्यानं हाक मारली, इंदापूरहून फोन आहे म्हणून. फोनवर सोपानच्या शेडशेजारचा टायरवाला होता. म्हणाला, “शेठ, सोपान मिस्त्री गेला. सकाळी पत्रा ठोकत हुता, छातीत कळ आली म्हणून खाली बसला. उठलाच न्हाय.” मी बरं म्हणालो, फोन ठेवला, बाहेर आलो आणि समोरच्या माणसाशी राहिलेला सौदा पुरा केला. त्या माणसाला मी त्या दिवशी इतका पिळला की जाताना तो म्हणाला, “आज लईच ताणलं तुमी.” मग दुकानाच्या मागं गेलो. तिथं एक नळ आहे, तो सोडला आणि बराच वेळ नुसता त्याच्याकडं बघत उभा राहिलो... पाणी वाया चाललंय हेही कळलं नाही.

अंत्यविधी पळसदेवला होता. मी पोचलो तर हायवेपासून गावापर्यंत ट्रक उभे. कुठले कुठले ड्रायव्हर, क्लीनर, दूधवाले, उसाचे ट्रॅक्टरवाले. कुणीही एकमेकांना ओळखत नव्हतं, प्रत्येकाच्या गाडीला कधीतरी सोपानचा हात लागलेला. मी त्या रांगेच्या शेवटी माझी गाडी लावली आणि चालत गेलो. चालताना मनात काय यावं? माझ्या वेळी एवढे येतील का? नाही येणार, हे मला तिथंच कळलं. माझी गिऱ्हाइकं त्याच्यापेक्षा जास्त आहेत, पण त्यातला प्रत्येकजण माझ्याकडून जाताना थोडा दुखावून गेलेला आहे. मयताच्या दारात उभा राहून मी मयताचा हेवा करत होतो. असा माझा आणि सोपानचा संबंध.

आम्ही दोघं इंदापूरला एकाच गॅरेजमध्ये कामाला लागलो होतो. मी निरवांगीचा. आमच्या घरी मेंढरं होती आणि मी लहानपणी त्यांच्यामागं रस्त्याच्या कडेनं चालायचो. मागून गाडी आली की आधी आवाज ऐकायचा आणि कळप कडेला घ्यायचा. त्या सवयीनं न बघता मला कळायचं, मागून येतोय तो ट्रक रिकामा आहे की भरलेला, जीप आहे की मोटार. धुरळा तोंडावर घेत मी प्रत्येक ड्रायव्हरकडं बघायचो. एकानंही कधी वळून बघितलं नाही. सोपान पळसदेवचा. धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा त्यांचं घर, विहीर सगळं पाण्याखाली गेलं आणि त्याच्या वडिलांनी त्याला हातोडा धरायला पाठवलं. मी पार्ट धुवायचो, तो पत्रा सरळ करायचा. दोन वर्षांत मला कळलं की पार्ट धुण्यापेक्षा विकण्यात जीव आहे, आणि मी बाहेर पडलो. मोडक्या जीपा घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, गावोगाव विकायच्या. बारामतीत जागा घेतली, मग दुकान, मग घर. कुणी हात दिला नाही. जे आहे ते तोंडाच्या आणि डोक्याच्या जोरावर केलं आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

सोपान मात्र तिथंच राहिला. हायवेला लागून एका चिंचेखाली त्यानं पत्र्याची शेड टाकली आणि आयुष्यभर तिथं पत्रा ठोकला. त्याच्यासारखा डेंटर मी पुण्यातही बघितला नाही. ठोकलेल्या दारावरून तो डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठं उंचवटा राहिलाय ते सांगायचा. माझ्या सगळ्या गाड्या मी त्याच्याकडंच करून घेत असे. आणि इथूनच माझं दुखणं सुरू झालं. वडगाव निंबाळकरचा एखादा बागायतदार जीप बघायला यायचा. मी इंजिन सुरू करून दाखवायचो, टायर दाखवायचो, गोड बोलून घसा कोरडा व्हायचा. शेवटी तो विचारायचा, “सोपाननं केलीय का?” मी हो म्हटलं की सौदा झाला. पाटी माझी, भांडवल माझं, बोलणं माझं, आणि गाडी विकली जायची ती त्याच्या नावावर. मी एकदा त्याला हे चिडून सांगितलं. तो पुट्टी कालवत होता. म्हणाला, “मग चांगलंच हाय की शेठ. तुमाला कमी बोलावं लागतंय.” तो मला शेठ म्हणायचा. एकाच डब्यातलं खाल्लेला माणूस, मी दुकान टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेठ म्हणायला लागला. मला ते आवडलं, आणि मी त्याला कधी थांबवलं नाही.

आता सह्यांचं. नव्वद सालानंतर एक-दोन वर्षांनी मी एका गाडीच्या कामासाठी पुण्याला एका मोठ्या पार्टीकडं गेलो होतो. त्याच्या हापिसात भिंतीवर एका मोटारीचं दार टांगलेलं. लाल रंगाचं, आणि त्यावर काळ्या शाईनं सह्या. मला वाटलं काहीतरी खुळेपणा आहे. त्यानं सांगितलं, मोटारींच्या शर्यतीतल्या ड्रायव्हरांच्या सह्या आहेत, माझ्या स्वतःच्या गाडीचं दार आहे, शर्यत संपल्यावर करून घेतल्या. मी सवयीनं विचारलं, काय घ्याल? तो हसला. म्हणाला, “अहो, हे विकायचं नसतं.” विकायचं नसतं... मी आजवर लोकांच्या अंगणातली चालती गाडी बोलून बोलून विकायला लावलेला माणूस, त्या हसण्यानं मला घरी येईपर्यंत डिवचलं. गाडी चालवण्यात जे देशात सगळ्यांत पुढं आहेत, त्यांची नावं त्याच्या दारावर. ते त्याच्याकडं वळून बघून गेलेले.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी पेपरात आलं की अशीच एक मोटार रॅली आपल्या भागातून जाणार. बारामती आणि इंदापूर यांच्यामधल्या कच्च्या रस्त्यांवर शर्यतीचा एक टप्पा, मग इंदापूरला हायवेच्या कडेच्या मोकळ्या मैदानात तासभर मुक्काम आणि पुढं सोलापूरकडं. ते मैदान म्हणजे सोपानच्या शेडसमोरचं. मी त्याच दिवशी माझी जीप घेऊन त्याच्याकडं गेलो. मी तेव्हा स्वतःसाठी ठेवलेली ती एकच जीप होती. म्हटलं, बॉनेट उतरव, पार पत्र्यापर्यंत घासून काढ आणि असा पांढरा रंग दे की त्यावर काळी शाई उठून दिसली पाहिजे. सह्या घ्यायच्या आहेत. सोपानला ते फार आवडलं. शर्यतीच्या गाड्यांचं त्याला माझ्याएवढंच वेड होतं, फक्त तो बोलायचा नाही. मग मी म्हटलं, असंच दुसरं एक बॉनेट भंगारातल्या जीपचं काढ आणि तेही पांढरं कर. एकावर माझ्यासाठी घेऊ, दुसऱ्यावर घेतलेल्या विकू. हायवेवरचा एक हॉटेलवाला मी बोलून ठेवला होता. सोपान म्हणाला, “दुसरं कशाला शेठ? सही म्हंजी काय कोंबडीचं अंडं हाय का, रोज येक?” मी म्हटलं, तू रंग दे. त्यानं दोन्ही बॉनेटं केली. एका दिवसाच्या अंतरानं दोन्हीवर शेवटचा हात मारला, आणि शेजारी उभी केली तर माझं कुठलं ते मलाही सांगता आलं नसतं. दोन्ही आरशासारखी.

रॅलीच्या दिवशी मी अकरा वाजता इंदापुरात असायला हवा होतो. सकाळी वडगाव निंबाळकरला एक सौदा होता, तो उरकून मोटारसायकलवर निघायचं असं ठरवलं होतं. समोर एक आबा होते, दुधाचा धंदा सोडलेले. त्यांची जीप मला हवी होती आणि ती त्यांना द्यायची होती, पण दोघंही हट्टाला पेटलो. नऊचे दहा झाले, दहाचे साडेबारा. मला कळत होतं की उशीर होतोय. तिकडं दहा-पंधरा गाड्या धुरळा उडवत येत असतील, हेही दिसत होतं. पण समोरचा माणूस वाकत नाही म्हटल्यावर मला उठता येत नाही, हा माझा स्वभाव आहे. शेवटी सौदा फिसकटला. आबा म्हणाले, “जावा आता. तुमाला गाडी नको हुती, मला हरवायचं हुतं.” मी तिथून जो निघालो तो रागानं पेटलेला, आणि इंदापूरला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मैदानात दोऱ्या, कागद, टायरांचे व्रण. बाकी काही नाही.

सोपान शेडच्या तोंडाशी उभा होता. मी गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडलो, “माझ्या बॉनेटला कुणी हात तर लावला नाही ना?” तो म्हणाला, “न्हाय.” मग मी सह्यांचं विचारलं. त्यानं सांगितलं की एका गाडीचा तेलाचा चेंबर दगड लागून चिरला होता, त्यांची मदतीची गाडी मागं अडकली होती, म्हणून ती गाडी शेडमध्ये ढकलत आणली. त्यानं चेंबर उतरवला, पेट्रोलनं धुतला, गॅस वेल्डिंगचा टाका मारून जोडून दिला आणि गाडी वेळेत सुटली. “आन् सह्या?” म्हटलं. म्हणाला, “घाईत हुते.” माझं डोकं फिरलं. म्हटलं, “तासभर त्यांची गाडी तुझ्या हाताखाली उघडी पडली होती आणि तुला चार सह्या काढता आल्या नाहीत? तू मागितलं असतंस ते दिलं असतं त्यांनी. तुला काही म्हणजे काही मागता येत नाही, म्हणून तू चिंचेखाली राहिलास.” तो हाताला लागलेलं काळं फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, “बॉनेट बसवू का शेठ?” आणि पांढरं बॉनेट उचलायला लागला. एकट्याला उचलत नाही, एक बाजू मी धरली. माझ्या फसवणुकीची एक बाजू मी माझ्या हातानं धरून जीपवर चढवली. दुसरीकडून येणारा प्रत्येक पत्रा मी बोटानं ठोकून बघतो, पण हे माझंच आहे म्हणून ठोकलंही नाही. जाताना त्यानं विचारलं, “दुसऱ्याचं काय करू?” जीप उद्या न्यायची ठरवून मी मोटारसायकलला किक मारता मारता म्हणालो, “राहू दे तुझ्याकडंच. मला काय करायचंय ते?”

तेवढ्या एका वाक्यावर सोपान सौदा जिंकला. पण ते कळायला चार वर्षं गेली.

तो उन्हाळा फार कडक होता. उजनीचं पाणी इतकं उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं आणि लांबून लांबून लोक बघायला यायला लागले. सोपाननं निरोप धाडला, देऊळ बघायला या आणि मासे खायला या. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी दोनदाच गेलो होतो. कामाला तोच माझ्याकडं यायचा, किंवा मी शेडवर जायचो. दुपारी पोचलो तर तो मासे आणायला धरणाकडं गेलेला. त्याची बायको शालनवहिनी म्हणाली, “भाऊजी, ऊन लईच हाय, आत जरा पडा.” आतल्या खोलीत अंधार होता. डोळे सरावले तशी समोरची भिंत दिसायला लागली आणि तिच्यावर दोन जाड खिळ्यांवर पेललेलं पांढरं बॉनेट. त्यावर पाच सह्या. एक कोंबडीनं उकरल्यासारखी, एक लांब शेपटीची, एक दक्षिणेकडच्या गोल गोल अक्षरातली, एक अगदी शाळेतल्यासारखी नीट, आणि एक नुसती रेघ. वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक ठिपका होता, बाकीच्या रंगापेक्षा जरा जास्त पांढरा. तिथं मागाहून रंग मारला होता. मला वाटलं, पोचा आला असेल. मी बोटानं ठोकलं. तो माझा पत्रा होता. जाड, मूळचा, कधी न ठोकलेला. भंगारातल्या पत्र्याचा आवाज असा येत नाही.

सोपान ओल्या पिशवीसकट दारात येऊन उभा राहिला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमी विकलं असतं शेठ.” मी म्हटलं, माझं होतं, विकलं असतं नाहीतर जाळलं असतं. तो म्हणाला, “आन् तुमीच म्हणालात, दुसरं तुझ्याकडं राहू दे.” म्हटलं, “कुठलं दुसरं ते मला दाखवलंस का? माल न दाखवता सौदा करतोस?” त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, “तुमच्याकडनंच शिकलो की.” मी जेवलो नाही. बाहेर आलो तर शालनवहिनी चुलीपुढं तशीच बसलेली, तव्यावरची भाकरी करपलेली...

त्यानंतर दोन वर्षं मी त्याला काम दिलं नाही. बारामतीच्या एका मिस्त्रीकडं गाड्या द्यायला लागलो. त्यानं केलेलं दार उन्हात तिरकं बघितलं की लाटा दिसायच्या. गिऱ्हाईक विचारायचे, सोपाननं केलीय का, आणि मी खोटं बोलायचो. या काळात मला रोज रात्री जेवताना ते बॉनेट दिसायचं. मी विकलं असतं हे खरं होतं. तो हॉटेलवाला अडून बसला असता तर एका महिन्यात विकलं असतं, आणि मग पुण्याच्या त्या हापिसात जाऊन मला सांगता आलं असतं की बाबा, सगळं विकायचं असतं. मला चोरीपेक्षा जास्त जाळत होतं ते हे, की सोपानला ते विकावंसं वाटलं नाही. कुणाला दाखवावंसंही वाटलं नाही. शेडमध्ये टांगलं असतं तर आख्खा हायवे बघायला आला असता. त्यानं ते आतल्या अंधाऱ्या खोलीत टांगलं आणि दुपारी जेवून त्याच्याखाली झोपला. एखादी वस्तू अशी ठेवता येणं माझ्या अंगात नाही. पैसा करून ते अंगात येत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

गेल्या वर्षी तो एकदा बारामतीला दुकानात आला. बाकावर बसला. मी गिऱ्हाईकात होतो. मी पाणी दिलं, चहा सांगितला नाही. तो म्हणाला, “शेठ, आणून देऊ का ते?” मी म्हटलं, “मला भीक नको.” तो थोडा वेळ बसला, बाहेर उभ्या असलेल्या एका जीपच्या दारावरून हात फिरवला, म्हणाला, “हितं राहिलंय,” आणि गेला. तेच शेवटचं भेटणं. त्यानं जिथं बोट ठेवलं होतं तिथं खरंच उंचवटा होता. मी ती जीप आजवर विकलेली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी पळसदेवला गेलो, एकटाच. शालनवहिनीनं बॉनेट खाली उतरवून, पुसून, जुन्या चादरीत बांधून ओट्यावर ठेवलं होतं. म्हणाली, “घेऊन जावा भाऊजी तुमचं. ह्यांचं त्यात काय बी न्हाय.” मी विचारलं, काय बी नाही म्हणजे? सहा वर्षं भिंतीवर टांगून ठेवलं, त्यात त्याचं काही नाही? तिनं चादर सोडली आणि त्या कोपऱ्यातल्या जास्त पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हितं तुमचं नाव हुतं.”

त्या दिवशी ती शेडवर होती, हे मला कधी माहीत नव्हतं. शर्यतीच्या गाड्या बघायला म्हणून सोपानबरोबर आली होती. तिनं सांगितलं ते असं. सोपान चेंबर जोडत होता तेव्हा बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हरही आपल्या दोस्ताची गाडी सुटते का बघायला मैदानातून शेडच्या सावलीला आले. वहिनीनं त्यांना चहा करून दिला. ज्याची गाडी होती तो उंच, हातात पांढरे मोजे घातलेला. त्यानं भिंतीला लावलेलं बॉनेट बघून हिंदीत विचारलं, हे कशाला? सोपान जमिनीवर ओणवा, डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा. तो म्हणाला, मालकाचं आहे, तुमच्या सह्या हव्या आहेत त्याला. ते हसले आणि पाचही जणांनी सह्या केल्या. मग त्या उंच ड्रायव्हरनं विचारलं, मालकाचं नाव काय? सोपाननं सांगितलं. त्यानं एकेक अक्षर विचारून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं, जगन्नाथशेठना शुभेच्छा. नंतर गाडी सुरू झाली, त्यानं खाली वाकून तेल गळत नाही ना ते बघितलं, सोपानच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

“ह्यांचं नाव काय, ते कुणी इचारलं न्हाय,” वहिनी म्हणाली. “पाचातल्या येकानं बी न्हाय. मी किटली घेऊन उभी हुते. मला वाटत हुतं, आता इचारत्याल, आता इचारत्याल.”

सोपान तरीही ते मलाच देणार होता, असं ती म्हणते. गोणपाट टाकून आत ठेवलं होतं, मी आलो की उघडून दाखवायचं म्हणून. मग मी आलो, आणि गाडीवरून उतरायच्या आधी माझ्या बॉनेटला कुणी हात लावला नाही ना, असं ओरडलो. सोपान न्हाय म्हणाला. पुढचं मी वर लिहिलं आहे. त्यानंतर दोन दिवस तो त्या बॉनेटसमोर बसून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी ब्रश घेऊन त्यानं तेवढं नाव झाकलं. पाच सह्यांना धक्का लावला नाही. वहिनीनं विचारलं तर म्हणाला, “गाडी पळाली माझ्या टाक्यावर, आन् नाव जगूशेठचं. तेवढं येक तरी मला नगं बघायला.”

मी ओट्यावर बसलो. सगळा जन्म मी या माणसावर जळलो. गिऱ्हाईक त्याचं नाव घेत होते म्हणून, ट्रक त्याच्यासाठी थांबत होते म्हणून, वस्तू भिंतीवर ठेवून तो झोपू शकत होता म्हणून. आणि तो पळसदेवच्या त्या खोलीत रोज दुपारी माझ्या झाकलेल्या नावाखाली झोपत होता. त्यालाही माझा हेवा वाटत होता, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. वहिनी म्हणाली, “थिनर लावून बघायचं का? तुमचं नाव खाली असंल.” मी तिला सांगितलं की थिनर लावला तर वरचा रंग आणि खालची शाई एकदम जाईल. ते नाव आता कधी दिसणार नाही. मग आम्ही दोघांनी ते बॉनेट धरून परत त्या दोन खिळ्यांवर चढवलं. जड आहे, एकट्याला उचलत नाही. मी विकत मागितलं नाही आणि फुकट घेतलं नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा, ज्यात मी काहीच बोललो नाही.

सोपाननं मला फसवलं हे मी मागं घेतलेलं नाही. पण आता माझी मोठी तक्रार त्याच्यावर नाही. ती त्या पांढरे मोजे घातलेल्या उंच ड्रायव्हरवर आहे. मीही त्याला वीस वर्षं ‘माझा मिस्त्री’ एवढंच म्हणत आलो, हे मला ठाऊक आहे, आणि माझं मी बघून घेईन. पण तुम्ही, साहेब, तुम्ही आज कुठं आहात मला माहीत नाही, मराठी येत नसेल तर कुणाकडून तरी हे वाचून घ्या. जो माणूस हजरही नव्हता त्याच्या नावाचं एकेक अक्षर तुम्ही विचारून घेतलंत. तुमच्या गाडीखाली तासभर उताण्या पडलेल्या माणसाला, ज्याच्या टाक्यावर तुम्ही पुढं सोलापूर गाठलंत आणि त्याच्याही पुढं गेलात, त्याला तुझं नाव काय, असं का विचारलं नाहीत? त्याची बायको किटली घेऊन समोर उभी होती. तिला मी काय सांगू, ते तुम्ही येऊन सांगा.